चूक सर्व्हरची, चकरा शेतकऱ्याच्या

सर्व्हर बदलला की सरकार नारळ फोडतं आणि शेतकरी डोकं फोडून घेतो. सातबाऱ्याच्या संगणकीकरणाचा याहून प्रामाणिक अहवाल मला लिहिता येणार नाही.

हस्तलिखित सातबारा आधी तालुक्याच्या संगणकात गेला, तिथून राज्याच्या डेटा सेंटरमध्ये आणि पुढे क्लाऊडवर. 1 मे 2018 पासून त्यावर डिजिटल सही आली. सातबारे सुमारे अडीच कोटी. काम मोठं होतं आणि गरजेचंही होतं. दप्तरात रातोरात होणारे शाईचे चमत्कार बंद व्हायलाच हवे होते. माझं भांडण यंत्राशी नाही. डेटा पोहोचला म्हणजे काम संपलं, असं समजणाऱ्या साहेबांशी आहे.

आमच्या अड्याळकडं, पवनी तालुक्यात, जमिनीचा कागद सरळ नाही. 1956 पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात होता. मालगुजारी गेली, पण तिचं दप्तर उरलं: खसरा, पी-1, बंदोबस्ताचे कागद, भूमिधारी आणि भूमिस्वामी हक्क. त्यावर पुन्हा गोसेखुर्दच्या भूसंपादनाच्या नोंदी. हे सगळं ठरावीक रकान्यांत बसवायचं, तर जुना कागद वाचणारा माणूस हवा. नुसत्या टंकणाऱ्याला ओळी मोजता येतात, वारस मोजता येत नाहीत. मग शेत जागचं हलत नाही, धुरा हलत नाही, आणि कागदावर मात्र बहीण गायब होते नाहीतर दोन एकरांचा दीड एकर होतो.

चुका झाल्या हे काही माझंच म्हणणं नाही. सरकारनंच ते कबूल केलंय. हस्तलिखिताशी मेळ घालायला एडिट मॉड्यूल आलं. ते पुरलं नाही म्हणून री-एडिट आलं. 2017 मध्ये गावोगाव चावडीवाचन झालं. तरी विसंगती शोधायला ओडीसी अहवाल काढावे लागले. त्यातला पहिलाच अहवाल कशाचा? सातबाऱ्याचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळत नाही, याचा. बेरीज! किराणा दुकानदारही माल उतरवून घेताना बिल्टी आणि पोती ताडून बघतो. जुन्या दप्तरात नावं किती, क्षेत्र किती, नव्यात किती. दोन्ही आकडे शेजारी मांडून खाली जबाबदार अधिकाऱ्याची सही घ्यायची. हे डेटा हलवतानाच करायचं काम. आपण ते नंतर केलं, आणि शेतकऱ्याच्या खर्चानं.

कारण कायद्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 157 सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानायची, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. म्हणजे चूक सरकारी यंत्रणेची, पुरावा शेतकऱ्याचा. तो विचारतो, तर उत्तर तयार असतं: "155 मध्ये अर्ज टाका." त्या कलम 155 मध्ये तपासणीत अधिकाऱ्याच्या लक्षात आलेली चूकही संबंधितांना नोटीस देऊन दुरुस्त करायची सोय आहे. मग अर्जाची वाट कशाला बघता? विसंगतीची यादी तर तुमच्याच संगणकानं दिली.

इकडं धान थांबत नाही. आधारभूत केंद्रावर नोंदणीला सातबारा लागतो. क्षेत्र कमी दिसलं की उरलेले कट्टे व्यापाऱ्याच्या दारात, त्याच्या भावात. आता तोच डेटा फार्मर आयडीला जोडलाय आणि फार्मर आयडी पीकविम्याला. एका रकान्यातली चूक पूर्वी एका कार्यालयात राहायची. आता तिला सगळीकडे प्रवेश आहे.

ब्रिटनमध्ये टीएसबी बँकेनं एप्रिल 2018 मध्ये सुमारे 52 लाख ग्राहकांचा डेटा लॉइड्सच्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवला आणि गोंधळ घातला. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला त्याच वर्षी पद सोडावं लागलं. 2022 मध्ये बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून जास्त दंड झाला. 2023 मध्ये तर तेव्हाच्या माहिती तंत्रज्ञान प्रमुखाला स्वतःच्या नावावर 81,620 पौंडांचा दंड बसला. आपल्याकडेही दंड होतोच: बुडालेली मजुरी, बसभाडं, झेरॉक्स. फक्त तो भरणारा दुसराच असतो.

म्हणून मागणी सरळ आहे. हस्तलिखित सातबाऱ्याची स्कॅन प्रत नव्या उताऱ्याशेजारी फुकट दिसू द्या. दोघांत तफावत निघाली, तर जुना कागद खरा धरा आणि नवा खरा असल्याचं सरकारनं सिद्ध करावं, तेही ठरलेल्या मुदतीत. मुदत टळली की दर दिवसाचा दंड, खातेदाराच्या खात्यात. पैसे अधिकाऱ्याच्या पगारातून गेले, की बेरजा जुळायला वेळ लागणार नाही.