मोजणारे कोण आणि मोजले जाणारे कोण?

येरळा नदी सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तिला जिल्ह्याची सीमा ठाऊक नाही. सरकारी दप्तराला मात्र सीमा तेवढ्या ठाऊक आहेत, नदी ठाऊक नाही. पाणी एका खात्याचे, मजुरी दुसऱ्याचे, पीक तिसऱ्याचे आणि टँकर चौथ्याचे! प्रत्येक खाते आपल्यापुरते मूल्यमापन करते, आपल्यापुरते उत्तीर्ण होते आणि खोऱ्यातला माणूस मात्र दर उन्हाळ्यात नापास ठरतो. योजना यशस्वी आणि जनता तहानलेली, हा चमत्कार घडतो तो असा.

या प्रदेशाला योजनांचे वावडे कधीच नव्हते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा पहिला प्रयोग 1965 साली तासगाव तालुक्यातच झाला. 1977 साली त्याचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. त्या योजनेचे संयुक्त मूल्यमापन नियोजन मंडळाने आणि राज्य शासनाने केले. त्यात मजुराला स्थान होते, पण उत्तरे देणाऱ्याचे. प्रश्न विचारणाऱ्याचे नव्हे. पुढे 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या 17 व्या कलमाने सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला. ही मोठीच प्राप्ती होती. परंतु हजेरीपट खरा की खोटा, एवढ्यावरच ते अंकेक्षण बहुधा थांबले. ज्या बंधाऱ्यासाठी भूमिहीनाने घाम गाळला, त्याचे पाणी अखेर कोणाच्या विहिरीत उतरले, हा प्रश्न हजेरीपटात मावत नाही.

जलयुक्त शिवार अभियानाची कथा याहून बोलकी आहे. 2019 पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करण्याची ती घोषणा होती. नाले किती खोदले, बंधारे किती बांधले, यांचे आकडे दिमाखात फिरत राहिले. 2020 साली महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की, 9,633 कोटी रुपये खर्चूनही भूजलाची पातळी वाढवण्यात या अभियानाला फारसे यश आले नाही. यात नवल ते कोणते? अडवलेले पाणी मोजले गेले, उपसलेले पाणी मोजलेच गेले नाही. नाला खोल झाला की काठच्या बागायतदाराची कूपनलिका आणखी खोल जाते, उसाचे क्षेत्र वाढते आणि खालच्या गावाची विहीर आटते. ही साखळी कोणत्याही एका गावाच्या, एका खात्याच्या अहवालात दिसणार नाही. ती दिसण्यासाठी खोरे हा एकच देह मानून पाहावे लागेल. 2019 च्या उन्हाळ्यात माण आणि आटपाडीत जनावरांच्या छावण्या होत्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली. दुष्काळाची फाईल वेगळी आणि पुराची फाईल वेगळी ठेवणाऱ्यांना हे एकाच खोऱ्याचे दुखणे आहे हे कळावे कसे?

यावर शहाणी मंडळी म्हणतात, मूल्यमापन हे तज्ज्ञांचे काम, खेडुतांना ते झेपणार नाही. हा युक्तिवाद अज्ञानातून येत नाही, हितसंबंधांतून येतो. 1980 च्या दशकात येरळेच्या वाळूवर आपला हक्क सांगून तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या नेतृत्वाखाली बळीराजा धरण उभारले. वाळूच्या उपशाने नदीचे काय होते आणि पाणी पुरवायचे तर कोणते पीक घ्यावे, याचा अभ्यास त्यांनी अभियंत्यांना बरोबर घेऊन केला आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा हे तत्त्व ठरवले. हिवरे बाजारची ग्रामसभा पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून मगच पिके ठरवते. 2016 च्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले, ते पाणलोटाचे शास्त्र शिकूनच. लोक मोजू शकतात, हे सिद्ध झालेले आहे. परंतु स्पर्धा गावाला गावाविरुद्ध उभे करते. एकाच ओढ्यावरची दोन गावे प्रतिस्पर्धी कशी असतील? वरच्या गावाचे बक्षीस ही खालच्या गावाची टंचाई ठरली, तर ते गुण कोणाच्या खात्यात मांडायचे?

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. एका ओढ्यावरच्या सर्व गावांनी पाऊस, विहिरींची पातळी, पिकांखालचे क्षेत्र, मिळालेली मजुरी, जगायला बाहेर पडलेली कुटुंबे आणि आलेले टँकर यांची एकाच पद्धतीची वही ठेवावी. पावसाळ्यानंतर एकदा आणि चैत्रात एकदा या वह्या एकत्र बसून शेजारी शेजारी उघडाव्यात. वरच्या गावाने खालच्या गावाला उत्तर द्यावे. वही सरपंचाच्या वा ठेकेदाराच्या हाती नको. ती पाणी भरणाऱ्या बायकांच्या आणि भूमिहीन मजुरांच्या हाती हवी, कारण चूक प्रथम त्यांच्याच अंगावर कोसळते. महाविद्यालयांनी आणि अभियंत्यांनी मोजायला शिकवावे, निवाडा करू नये. प्रत्येक योजनेच्या निधीतील ठरावीक वाटा या शिक्षणासाठी राखून ठेवावा आणि गावांच्या संयुक्त सभेने हिशेब मान्य केल्याखेरीज पुढचा हप्ता सुटू नये. ही शेवटची अट नसेल, तर बाकी सारे तालुक्याच्या ठिकाणी चहापानासह होणारे आणखी एक प्रशिक्षण शिबिर ठरेल.

हे स्वप्नरंजन नव्हे. 1949 साली दोन जिल्हे होण्यापूर्वीच्या याच साताऱ्यात, नाना पाटलांच्या पत्री सरकारने गावोगावची मंडळे एकमेकांशी जोडून परकीय सत्तेच्या नाकावर टिच्चून न्यायनिवाडा चालवला. ज्यांच्या आजोबांनी साम्राज्याची कचेरी ओस पाडली, त्यांना आपल्याच नदीचा हिशेब मांडता येणार नाही, असे म्हणण्याचे धाडस करणाऱ्यांना खरी भीती वेगळीच आहे. हिशेब मांडायला शिकलेला माणूस पुढे तो मागतोही.