हवेत इंजिन बंद पडलं तर?

उद्यमनगरात माझ्या एका मित्राच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप आहे. गेल्या रविवारी मिसळ हाणून आम्ही तिथं टपकलो, तर बापलेकांची जुंपलेली. विषय? विमान! साहेबांना दोन सीटचं विमान घरीच बनवायचंय आणि त्यात कारचं इंजिन टाकायचंय. ‘‘स्वस्त पडतं, स्पेअर कुठंही मिळतात,’’ हा त्याचा फंडा.

येडा वाटतोय ना? थांबा. कॅप्टन अमोल यादवांनी मुंबईत, चारकोपला, घराच्या गच्चीवर सहा सीटचं विमान उभं केलं. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणीही झाली. पण गंमत बघा, बॉडी गच्चीवरची असली तरी इंजिन टर्बोप्रॉप, म्हणजे खास विमानाचंच.

काकांचा मुद्दाही तोच. हायवेवर कार आपल्या ताकदीच्या पाव हिश्शावर आरामात पळते. विमानाचं इंजिन तासन्‌तास ६५ ते ७५ टक्क्यांवर रेटावं लागतं. शिवाय कारचं इंजिन खरी ताकद देतं पाच-सहा हजार आरपीएमला. पंखा त्या वेगानं फिरवला तर त्याची टोकं आवाजाच्या वेगाला भिडतात. नुसता गोंगाट, ओढ कमी. म्हणून मध्ये गिअरबॉक्स. तो आला की वजन आलं, क्रँकशाफ्टचे हादरे आले. ‘‘इंजिन न्हाई मोडत रं, मोडतंय ते जोडकाम,’’ काका म्हणाले.

मग मित्रानं हुकमाचा पत्ता टाकला. माझदाचं रोटरी! पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, आकार आटोपशीर. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी ते खरंच विमानात बसवलंय. पण ते पेट्रोल जास्त पितं, एक्झॉस्ट भयंकर तापतो, आणि गिअरबॉक्स काही सुटत नाही.

मी मास कॉमवाली, माझं इंजिनज्ञान स्कूटीच्या किकपुरतं. तरी सांगते. १९०३ मध्ये राईट बंधूंना हवं तसं इंजिन कार कंपन्यांकडून मिळेना, तेव्हा त्यांच्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकनं दुकानातच १२ हॉर्सपॉवरचं बनवलं. तेव्हा उद्यमनगरातून काही उडणारच नाही, असं मी म्हणणार नाही. फक्त लायकमिंगसारखं विमानाचं इंजिन येतानाच दर सिलिंडरला दोन प्लग आणि दोन मॅग्नेटो घेऊन येतं. एक गेलं तर दुसरं आहे. इथं ती सोय आपणच करायची, आणि टेस्ट पायलटही आपणच.

काकांनी अट घातली: आधी इंजिन स्टँडवर, पंखा लावून, दोनशे तास लोडवर चालवायचं. मग बघू.

‘‘आणि दोनशे तासांचं पेट्रोल कोण भरणार?’’

काका केव्हाच लेथकडं वळले होते.