पोलादपूर कधी गेलं, कळलंच नाही! हायवेवर डोळे उघडे असताना मेंदू कुठे जातो?

गणपतीला गावी निघालेली गाडी. मुंबईहून रात्री अकराला सुटलेली, मागच्या सीटवर सगळे गाढ झोपेत. पहाटे कशेडीचा बोगदा समोर येतो आणि चालवणाऱ्याच्या लक्षात येतं, महाड आठवतंय, पण पोलादपूर कधी गेलं ते काही केल्या आठवत नाही. गाडी तर लेनमध्येच होती. मग चालवत कोण होतं?

याला म्हणतात 'हायवे हिप्नोसिस'. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, अपघात होऊ लागले आणि हा शब्द मराठी बातम्यांत रुळला. कल्पना मात्र जुनी. उघड्या डोळ्यांनी झोपण्याबद्दल अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी १९२९ मध्येच लिहिलं होतं.

होतं असं, की सवयीची कामं मेंदू फारसं लक्ष न देता उरकतो. स्टिअरिंग, क्लच, आरसा हे सगळं हातापायांना पाठ असतं. त्यात रस्ता सरळ, वेग एकसारखा आणि काळोखात दिसतात फक्त पांढरे पट्टे. नोंद घ्यावी असं नवीन काहीच नसल्याने मन दुसरीकडे जातं आणि तेवढा प्रवास आठवणीत राहत नाही. ही झोप नव्हे, पण शरीर थकलेलं असेल तर तिथून काही सेकंदांची खरी डुलकी लागायला वेळ लागत नाही. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे चार सेकंदांची डुलकी आणि जवळपास ९० मीटर गाडी कुणाच्याही ताब्यात नाही. तेवढ्यात समोर टेललाइट नसलेला उभा ट्रक आला तर?

मुंबई-गोवा महामार्गावर भीती असते ती खड्ड्यांची आणि घाटाची. लक्ष उडण्याचं गणित मात्र उलटं आहे. खड्डा चालकाला जागं ठेवतो (खड्ड्यांचं एवढंच कौतुक पुरे). रायगडमधल्या इंदापूर-माणगावच्या बायपासची कामं वर्षानुवर्षं रखडली, त्यामुळे सणाच्या दिवसांत तिथे तासन् तास क्लच दाबून पाय भरून येतात. त्यानंतर महाड-पोलादपूरकडे चौपदरी काँक्रीट लागतं. चालक सुटकेचा श्वास सोडतो, पाचवा गिअर टाकतो. नेमकी वेळ असते पहाटे दोन ते सहामधली, जेव्हा शरीराची झोपेची ओढ सर्वांत जास्त असते. म्हणजे दमलेला माणूस, मोकळा रस्ता आणि झोपेची वेळ, तिन्ही इथेच गाठ घालतात.

पूर्वी पुढे कशेडी घाट असायचा. तो अवघड होता, पण वळणावळणाला लक्ष मागायचा. २०२३ च्या गणेशोत्सवाआधी बोगदा हलक्या वाहनांसाठी उघडला आणि अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर काही मिनिटांवर आलं. सोय मोठीच, पण ती वळणंही गेली.

उपाय म्हणून काच खाली करणं किंवा गाणी मोठ्याने लावणं फार काळ टिकत नाही. चहा-कॉफीचा परिणाम जाणवायलाही वीसेक मिनिटं लागतात. म्हणून पोलादपूरला गाडी सुरक्षित जागी लावून चहा घ्यावा आणि लगेच सीट मागे करून वीस मिनिटं झोपावं. उठेपर्यंत चहा कामाला लागलेला असतो. आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाने जागं राहावं, अधूनमधून विचारावं, "आता कुठलं गाव गेलं?" उत्तर आलं नाही, तर पुढच्या ढाब्यावर गाडी थांबवायला लावावी, घरी पोहोचायला उशीर झाला तरी.