खाऊन टाकलं आणि हरवून बसलो

पुण्यात इंग्रजीतून जपानी शिकवणाऱ्या समस्त मंडळींशी आज मला भांडायचं आहे. भांडण एकाच क्रियापदावरून आहे: शिमाऊ.

'मिन्ना नो निहोंगो'च्या 29व्या धड्यात हे महाशय भेटतात. 'तबेते शिमाइमाशिता', 'वासुरेते शिमाइमाशिता' वगैरे. इंग्रजी टिपांवरून मुलं दोन अर्थ घोकतात: एक, क्रिया पूर्ण झाली, दोन, झाल्याचं वाईट वाटलं. आता पूर्ण होण्याचा आणि वाईट वाटण्याचा काय संबंध? इंग्रजीतून विचार करणाऱ्याला ते कोडंच राहणार. मराठी मुलाला का राहावं?

नीट बघा. 'तबेते' म्हणजे 'खाऊन'. जपानी 'ते' म्हणजे आपला 'ऊन', आणि त्यानंतर दुसरं क्रियापद. शिमाऊचा मूळ अर्थ वस्तू आवरून जागेवर ठेवणे. संध्याकाळी दुकान बंद करण्यालाही 'मिसे ओ शिमाऊ' म्हणतात. म्हणजे विषय आवरला, आता परत उघडणे नाही. 'तबेते शिमात्ता' म्हणजे 'खाऊन टाकलं'. 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे 'विसरून गेलो'. आणि 'कासा ओ नाकुशिते शिमात्ता' म्हणजे? 'छत्री हरवून बसलो'! ते वाईट वाटणं आपल्या 'बसलो'मध्ये अख्खं आहे. जी गोष्ट कायमची होऊन गेली, तिचंच तर वाईट वाटतं. फरक इतकाच की आपण टाकणे, जाणे, बसणे असे तिघे कामाला लावतो आणि जपानी माणूस बहुतेक वेळा एका शिमाऊवर भागवतो. उलट आपणच श्रीमंत.

हा नुसता व्याकरणाचा कीस नाही. माझ्या आधीच्या कंपनीत पुण्याहून आलेला एक मुलगा होता, कामात हुशार. त्याच्या हातून टेस्ट डेटा उडाला. मीटिंगमध्ये त्याने 'केशिमाशिता' असं सांगितलं, म्हणजे 'पुसला'. व्याकरण अगदी शुद्ध! पण ऐकणाऱ्याला ते 'हो, मी पुसला, मग?' असं ऐकू येतं. 'केशिते शिमाइमाशिता' म्हटलं असतं तर 'पुसून बसलो हो' असं पोचलं असतं. विभागप्रमुखाचा चेहरा दगडासारखा झाला, आणि पुढे कित्येक आठवडे त्या पोराला कुणी महत्त्वाचं काम दिलं नाही. परीक्षेत याच धड्याचे मार्क त्याला मिळाले होते बरं का.

पूर्णत्वाचे बाकीचे प्रकारही असेच वाया घालवले जातात. 'योमिओवारु' म्हणजे वाचून संपणे. 'ताबेकिरु'मध्ये 'किरु', म्हणजे कापणे. ताटातलं होतं नव्हतं ते संपवणे. ते जमत नसेल तर 'ताबेकिरेनाई', आता संपवणं होत नाही. 'त्सुकारेकिरु' म्हणजे पार थकून जाणे. 'ताबेत्सुकुसु' म्हणजे फस्त. 'काकिआगेरु' म्हणजे लिहून काढणे, आणि 'यारिनुकु'ला तर मराठीत तयार शब्द आहे, तडीस नेणे. इंग्रजीतून शिकताना या बहुतेकांना एकच शेपूट लागतं, 'पूर्णपणे करणे', आणि मग मुलं सगळीकडे 'ओवारु' चिकटवत सुटतात.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: "वर्गात सगळेच मराठी नसतात हो." नसू देत. हिंदीवाल्याकडे 'खा डाला', 'भूल गया' आहे. तमिळ मुलाकडे 'विडु' आहे, तेही हुबेहूब असंच मागून येतं. मग वर्गात एकूण असा कोण बसलाय, ज्याला इंग्रजीचा हा द्राविडी प्राणायाम लागतो? मला तर फक्त पुस्तकच दिसतं.

आणि हे माझ्याच डोक्यातलं खूळ नव्हे. तोक्योजवळ ताचिकावाला जपानी भाषेची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे काम केलेले प्रशांत परदेशी हे मराठी भाषाशास्त्रज्ञ, आणि मराठी-जपानी क्रियापदांची तुलना हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. संस्थेने जपानी जोडक्रियापदांचा कोश इंटरनेटवर फुकट ठेवलाय, 2,700हून जास्त शब्दांचा. आपल्या वर्गांपर्यंत यातलं काय पोचलं? मला इथे भेटलेल्या एकाही मुलाने ते नाव ऐकलेलं नव्हतं.

बरं, 29वा धडा सोडा. लगेच 30व्यात 'ते ओकु' येतं. 'ओकु' म्हणजे ठेवणे, 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणे. दोन शब्दांत काम झालं. आता तेच समजवायला इंग्रजी टिपेला किती ओळी लागतात, त्या एकदा मोजून बघा.