वकिलीची वाट आणि पहिल्या पदवीचा खर्च

बारावीचे निकाल लागले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडील घराघरांतून एकच विचारणा सुरू होते: मुलाला किंवा मुलीला वकील करावयाचे आहे, तर आधी कोणत्या महाविद्यालयात घालावे? आणि या विचारणेच्या पाठोपाठ कर्जाची भाषा येते. बेंगळूर-पुण्याकडील एखाद्या भारी खाजगी महाविद्यालयाची पदवी असल्याखेरीज कायद्याच्या शिक्षणाचे दार उघडत नाही, अशी समजूत आमच्या मध्यमवर्गात पक्की रुजली आहे. ही समजूत साफ निराधार आहे, आणि तिच्यापायी शेताचा तुकडा गहाण पडावा हे आम्हांस असह्य वाटते.

नियम काय सांगतो ते पाहावे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही विषयातील पदवी पुरते. गुणांची किमान मर्यादा सर्वसाधारण वर्गास 45 टक्के, इतर मागासवर्गीयांस 42 आणि अनुसूचित जाती-जमातींस 40. पदवी राज्यशास्त्राची की रसायनशास्त्राची, महाविद्यालयाची इमारत संगमरवरी की कौलारू, याची चौकशी त्यात कोठेही नाही. विद्यापीठे याहून वरची अट घालू शकतात. दिल्ली विद्यापीठ सर्वसाधारण वर्गाकडून 50 टक्के मागते. महाराष्ट्रात प्रवेश सामाईक परीक्षेवर मिळतो. बेंगळूरच्या राष्ट्रीय विधि विद्यालयानेसुद्धा 2022 पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम उघडला असून तेथेही निवड परीक्षेनेच होते. आणि जेथे पदवीचे गुण मोजले जातात, तेथे गावच्या महाविद्यालयातील 75 टक्के हे नामांकित महाविद्यालयातील 55 टक्क्यांच्या पुढे उभे राहतात.

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या संयुक्त अभ्यासक्रमाने एक वर्ष वाचते, हे खरे. ज्याचा निश्चय पक्का आणि घरची स्थिती भक्कम, त्याने तो जरूर घ्यावा. परंतु राष्ट्रीय विधि विद्यापीठांचा खर्च वर्षाला दोन-तीन लाखांच्या घरात जातो. आणि मध्येच एक पदवी देऊन विद्यार्थ्यास मोकळे करण्यास त्याच 2008 च्या नियमांनी मनाई केली आहे. तिसऱ्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले, ऊस बुडाला, की मुलाच्या हाती काहीच नाही. तीन अधिक तीन या वाटेवर निदान अर्ध्या मुक्कामाला एक पदवी पदरी पडते. तिच्यावर नोकरी करता येते, स्पर्धा परीक्षेस बसता येते.

खरा पैसा लागतो तो पुढेच. कायद्याची तीन वर्षे आणि त्यानंतर ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत फायली वाहण्याची वर्षे! 2024 साली बार कौन्सिलने नव्या वकिलास शहरात 20,000 व खेड्यात 15,000 रुपये मासिक विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हे तालुका न्यायालयाच्या आवारात एक फेरी मारली तरी उमगेल. (त्याच वर्षी 30 जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने सनदेचे नोंदणी शुल्क 1961 च्या कायद्यातील 750 रुपयांच्या मर्यादेत आणले, एवढाच काय तो दिलासा.) ज्याच्या डोक्यावर पहिल्याच पदवीचे कर्ज आहे, तो ही उमेदवारी कशाच्या बळावर काढणार? पहिली संधी मिळताच तो काळा कोट खुंटीला अडकवून पगाराची नोकरी धरील. तेव्हा पालकांनी जी पुंजी जमविली असेल, ती या वर्षांसाठी राखून ठेवावी.

मग महाविद्यालय निवडताना पाहावे काय? घरून जाता-येता येते का. ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते का. इंग्रजी तळमळीने शिकविणारा एखादा तरी प्राध्यापक आहे का. आमच्या भागात भाषेचा प्रश्न तर विशेष महत्त्वाचा. जुनी खरेदीखते मराठीत, काही मोडीत. जिल्हा न्यायालयाचा व्यवहार कन्नडमध्ये. उच्च न्यायालयाचा इंग्रजीत. धारवाडचे खंडपीठ जवळ आहे आणि 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातही मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले आहे. या तिन्ही भाषांत ज्याची लेखणी चालेल, त्याला पक्षकारांची वाण पडणार नाही. कन्नड शिकल्याने मराठीपण कमी होते असे मानणाऱ्यांशी आमचे जमत नाही. 1964 साली सरन्यायाधीश झालेले गजेंद्रगडकर साताऱ्याच्या शाळेतून निघाले ते धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात आणि तेथून पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात. कायद्याची पदवी त्यांनी त्यानंतर घेतली.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. स्वस्त म्हणून मुक्त विद्यापीठाची वाट धरणाऱ्यांनी दहावी-बारावी रीतसर उत्तीर्ण केलेली असली पाहिजे. त्यानंतर बहिःस्थ पदवी घेतली तर नियमाची आडकाठी नाही. परंतु पायाभूत पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट मिळविलेली पदवी कायद्याच्या प्रवेशास चालत नाही. हे अर्ज भरण्यापूर्वीच तपासून घ्यावे. तीन वर्षांनी प्रवेशाच्या खिडकीपाशी कळून उपयोग नाही.