बंदुकीवर चिमणीचं पाऊल!

मित्रांनो, वाशीमहून एका एन.सी.सी. कॅडेटचं पत्र आलंय. परेडला मिळालेल्या थ्री नॉट थ्री रायफलीवर त्याला 'डी.पी.' ही इंग्रजी अक्षरं आणि चिमणीच्या पावलासारखी खूण दिसली. शेजारचा कॅडेट म्हणाला, "हॅ! ही तर खोटी बंदूक!" खरं काय, असं तो विचारतोय.

आधी जरा बाजारात चला. वाण्याच्या लोखंडी वजनात शिसं भरून त्यावर सरकारी शिक्का मारलेला असतो, पाहिलाय ना? वजन तपासलं, बरोबर भरलं, याची ती साक्ष. रायफलीचंही तसंच बरं का!

चिमणीचं पाऊल म्हणजे तीन रेघांचा बाण. ब्रिटिश सरकारच्या मालावर तो असे. भारतात तपासलेल्या मालावर बाणाखाली 'आय' अक्षर येई. इंग्लंडात तपासलेल्या सुट्या भागांवर मुकुट, आकडा आणि कारखान्याचं अक्षर; 'ई' म्हणजे एनफिल्ड. मला यातला आकडा फार आवडतो. तो तपासनिसाचा! नाव नाही, गाव नाही, पण 'हा भाग मी पाहिलाय' म्हणणारा एक माणूस त्यामागे उभा आहे. नळीची परीक्षा तर आणखी कडक. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस तीतून उडवत. टिकली, तरच शिक्का.

बोल्टच्या दांड्याखाली, उजव्या बाजूला साल कोरलेलं असतं. तिथे मुकुट आणि 'जी.आर.आय.' असेल, तर रायफल राजा जॉर्जच्या काळातली. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूर कारखान्याच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. काडतुसाच्या बुडावर 'के.एफ.' असलं, तर ते आपल्या पुण्याजवळच्या खडकीचं. तो कारखाना १८६९ सालचा!

आणि 'डी.पी.'? 'ड्रिल पर्पज', म्हणजे फक्त कवायतीसाठी. रायफल अगदी खरी, पण झिजली किंवा सदोष ठरली म्हणून गोळीबारातून बाद केलेली. एका तपासनिसाने कधीकाळी 'चालेल' म्हटलं होतं, दुसऱ्याने पुढे 'आता नको' म्हटलं. हे दुसरं म्हणणं न जुमानता कुणी तिच्यातून गोळी झाडली, तर ती झाडणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते. तेव्हा 'खोटी' म्हणून हसू नका. आणि डी.पी. असली तरी नळी कुणावर रोखायची नाही हं, गमतीतसुद्धा नाही.

पत्र लिहिणाऱ्या दोस्ता, पुढच्या परेडला उस्तादांना विचारून नीट बघ. बाणाखाली 'आय' आहे का? आणि साल कोणतं? लगेच कळव.