कात्री लावण्याआधी...

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतील अशी आशा!

तर झालं असं की गेल्या वर्षी फेस्टमध्ये आम्ही चौघींनी हॅण्डमेड वस्तूंचा स्टॉल लावायचं ठरवलं. डायऱ्या, बुकमार्क, भेटकार्डं. थीम 'व्हिंटेज'. मला वाईच्या आजीचा माळा आठवला. दिवाळीत गेले आणि तिथून एक लक्ष्मी शोधून काढली, राजा रविवर्मांची. कमळावर उभी, बाजूला सोंडेत हार घेतलेला हत्ती, खाली बारीक अक्षरात प्रेसचं नाव, कार्ला-लोणावळा. फ्रेम वाळवीने खाल्लेली, कागद कडेने तडकलेला. पण साडीवर चक्क खऱ्या टिकल्या आणि जर! मी खूश. तिथेच बसून कापली आणि डायरीवर चिकटवली.

आजीने डायरी हातात घेतली. टिकल्यांवरून बोट फिरवलं. "सासूबाईंनी लावल्यात गं या. लग्न होऊन आल्या त्या वर्षी." बस्स, एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं...

मग मी वाचत बसले. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. दगडावरची छपाई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड! राजवाड्यातल्या तैलचित्रांतले देव कागदावर उतरून साध्या घरांत पोचले, ज्यांना देवळात पाऊल ठेवू देत नव्हते त्यांच्याही. आणि घरोघरच्या बायकांनी त्यांना जर, टिकल्या, कापडाचे तुकडे लावून सजवलं. म्हणजे देवाच्या छापील चित्रावर हस्तकला करणं हे आमच्या पिढीचं फॅड नाहीच. पणजीने तेच केलं होतं. फरक एवढाच की तिने चित्रात भर घातली, मी त्यातून काढून घेतलं.

एक गोष्ट जास्त टोचली. चौथीत सिस्टरने मला एक 'होली पिक्चर' दिलं होतं, जाळीदार कडेचं, मागे प्रार्थना छापलेलं. ते आजही माझ्या डिक्शनरीत जपून आहे. त्याला कात्री लावायचं स्वप्नातही आलं नसतं. मग लक्ष्मीला कशी लावली? घरचीच आहे, माळ्यावर धूळ खात पडलीये, म्हणून? खरं सांगू, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, देवाची चित्रं वस्तूंवर नकोतच. दुसरी म्हणते, कागद आहे यार, चिल! मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्या पार्टीला विचारते, मग लग्नपत्रिकेवरच्या गणपतीचं काय? पत्रिका टाकवत नाही आणि ठेववतही नाही, शेवटी पिंपळाखाली नेऊन ठेवतात आणि पावसात लगदा होतो. दुसऱ्या पार्टीसाठी माझा नियम साधा आहे : वस्तू बनवताना ती शेवटी कुठे जाणार याचा विचार करा. डायरी, बुकमार्क, दिव्याची पेटी, खुशाल करा. कोस्टर नको. चहाचा कप लक्ष्मीच्या तोंडावर? सॉरी.

आणि मूळ चित्राला हात लावू नका, कॉपी काढा. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे त्यांची चित्रं मोकळी आहेत. रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले, त्यांची साठ वर्षं अजून भरलेली नाहीत. सपाट चित्र सहाशे डीपीआयला स्कॅन करा. टिकल्यांचं मात्र स्कॅनरच्या काचेवर दाबू नका, टिकल्या तुटतात. खिडकीपाशी ठेवून, बरोबर समोरून फोटो काढा. गिंप फुकट मिळतं. लेव्हल्सने पिवळेपणा थोडा कमी करा, तडे क्लोनने बुजवा आणि थांबा.

चेहऱ्याला तर अजिबात हात नको. मी एकदा एआयला ती लक्ष्मी 'क्लीन' करायला दिली. दोन सेकंदांत गुळगुळीत, क्रीमच्या जाहिरातीतली बाई होऊन परत आली! मूळ स्कॅन झूम करून बघा, गालावर गुलाबी, पिवळे, निळे ठिपके दिसतात. कुणीतरी दगडावर वाकून एकेक दिलेले. यंत्राला तो कचरा वाटला.

स्टॉलवर आम्ही शेवटी प्रिंटच्याच डायऱ्या ठेवल्या. आजीने काही बोलून दाखवलं नसलं तरी खरी लक्ष्मी लावलेली ती डायरी मी तिलाच दिली. ती त्यात दुधाचा हिशेब लिहिते. पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढलाय.